कामेबाशी

बसथांब्याचं नाव कामेबाशी.
म्हणजे कासवपूल.
पूल नाही. कासव आहे,
पण लोखंडाचं, गटाराच्या झाकणावर ओतलेलं,
पावलांनी पाठ गुळगुळीत झालेलं.

मी पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं.
पाठीवर जेवणांची चौकोनी पेटी, हँडलला मोबाइल,
सायकल दामटत होतो, आणि रस्ता वळला
काही कारण नसताना.
माणसांनी आखलेल्या रस्त्याला घाई असते.
हा रेंगाळत होता, आधी तांदळाच्या दुकानाकडे,
मग काही विसरल्यासारखा मागे,
मग दंतवैद्याच्या भिंतीला अंग घासत पुढे.
आमच्या बोरिशालला शेंबडं पोरही सांगेल,
ही चाल पाण्याची आहे.

पण सांगणार कुणाला? माझं जपानी तेव्हा
"गरम आहे, सांभाळून" इथवरच पोचलं होतं.

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मोरिवाकी-सान
या वस्तीचा इतिहास पायी दाखवतात.
चाळीस वर्षं तातामीच्या कडा शिवल्या त्यांनी,
त्यामुळे बोट आता सरळ होत नाही.
ते दाखवतात एकीकडे, बोट वळतं दुसरीकडे,
आम्ही दोन्हीकडे बघून घेतो.

आम्ही म्हणजे
पेरूची लुस्मिला, गोदीत वेल्डिंग करणारी,
क्वी, रात्रपाळीहून थेट आलेला, उभ्या उभ्या पेंगणारा,
एक नेपाळी जोडपं, आणि त्यांचं बाळ,
ज्याला अजून कुणी विचारलेलं नाही
मूळचा कुठला म्हणून.

"इथे कालवा होता."
लॅमिनेट केलेला फोटो हातोहात फिरला.
लाकडाचे तराफे. पूल, खराखुरा.
काठावर फावडी घेतलेली माणसं,
हलल्यामुळे पुसट.
"कामगार," मोरिवाकी-सान म्हणाले,
आणि पुढचा फोटो काढू लागले.

"थांब जरा."

इस्त्रीच्या दुकानातल्या ओ सुन-नाम आजी.
त्यांच्या टपालपेटीवर दोन नावं आहेत.
वरचं जपानी, कागदोपत्री चालणारं.
खालचं त्यांचं.
चाकांची ढकलगाडी लोटत आल्या, तिच्यावरच बसल्या,
फोटो डोळ्यांशी नेला.
"डावीकडून तिसरा. माझा बाप.
हलला, कारण त्याला खोकला होता."

कुणी बोललं नाही.
दुकानात यंत्र कुणाचे तरी शर्ट घुसळत होतं.

"याने कालवा खणला. बुजवायची वेळ आली
तेव्हा माझ्या भावाने माती वाहिली.
एकाच घराने काढला, त्याच घराने पुरला.
तुझ्या पाटीवर काय लिहिलंय?"

पाटीवर लिहिलं होतं: महापालिकेने.

मोरिवाकी-सान पाटीकडे बघत राहिले,
जणू ती दुसऱ्याच कुणी लावली होती.
मग पेन्सिल काढली. नाव काय?
कुठल्या अक्षरांत लिहू?
"लिहिण्याचं नंतर. आधी म्हणून बघ."

ओ दोक-सू.
त्यांना नीट येईना. पुन्हा म्हणाले.
लुस्मिला म्हणाली, क्वी जागा होऊन म्हणाला,
माझ्या तोंडी ते जरा ओलसर झालं,
आमच्याकडे सगळंच होतं तसं.
आजी प्रत्येकाला दुरुस्त करत गेल्या,
कॉलरची सुरकुती काढावी तशा, न रागावता.

लॅमिनेटवर पेन्सिल उमटेना.
मोरिवाकी-सान नखाने कोपरा सोलू लागले.
बराच वेळ सोलत होते.
आम्ही पांगलो तेव्हाही.

मोबाइलच्या नकाशात इथे अजून पूल नाही,
पाणी नाही, कुणाचा बाप नाही.
निळी रेघ म्हणते, चारशे मीटर, मग डावीकडे.
मी तांदळाच्या दुकानाशी येतो, वेग कमी करतो.
माझा मामा नावाडी होता. नदीच्या वळणावर
समोर काही दिसो न दिसो, हाळी द्यायचाच.

रस्ता रिकामा असतो, रात्रीचे अकरा,
पेटीत दोन माणसांची आमटी थंड होत असते,
तरी मी घंटी वाजवतो.
समोरून कुणी तराफा घेऊन येत असेल.